ठिपक्यांतला आकडा

फ्लेक्स शनिवारी संध्याकाळीच लागला होता. रविवारी सकाळी साडेदहाला अमरनाथ केजच्या बसस्थानकावर उतरला, बॅग पाठीवर टाकून मेन रोडनं मामाच्या कापड दुकानापर्यंत आला आणि दुकानाच्या गजांना बांधलेला आपलाच चेहरा बघून जागीच थांबला. फोटोत तो हसत होता. शेजारी ढगांतलं विमान. ‘आमचे भाचे अमरनाथ सोमनाथ विमान अभियंता झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ त्याखाली बसवेशमामा आणि मामाचे पाच मित्र, सगळे हात जोडून.

समोरच्या पानवाल्यानं हाक मारली, “अरे, पायलट आला की!”

अमरनाथनं नुसता हात वर केला आणि बोळातून मागच्या दारानं घरात शिरला.

वर्षाराणी स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. नवरा सोमनाथ आणि लेक अपेक्षा यांना घेऊन ती कालच नेकनूरहून माहेरी आली होती. एक वाजता मठातले जंगम स्वामी येणार होते, बसवेशची मित्रमंडळी येणार होती, अमरनाथला शाल-श्रीफळ द्यायचं होतं. उंबऱ्यात पोरगा दिसला तशी ती पुरणाच्या हातानंच उठली. मग तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडं गेलं.

“जेवला न्हाईस का कालपासून?”

“आई, मला घेतलं न्हाई त्यांनी.”

“कोणी?”

“कंपनीनं.”

“आन मग मुलाखत झाली म्हणलास की फोनवर. पास झालो म्हणलास.”

“मुलाखत झाली. लेखी झाली. त्याच्यानंतर मेडिकल असतंय.” तो दाराला टेकून खाली बसला. “डोळ्याच्या तपासणीत गेलो.”

“चष्मा लागला का?”

“चष्म्याचं न्हाई. रंगाचं.” त्याला हे तिला समजेल असं सांगायचं होतं. रात्रभर बसमध्ये तो शब्द जुळवत आला होता. “एक पुस्तक असतंय. पानापानावर रंगीत ठिपक्याचं गोल असतंय, आन त्या ठिपक्यात आकडा असतोय. बाकीच्यांना दिसतो. मला नुसते ठिपके दिसतेत.”

वर्षाराणीनं हात धुतले नाहीत. पुरण बोटांवर सुकत चाललं होतं.

“लाल आन हिरवं मला वेगळं कळत न्हाई, आई. विमानाच्या मेकॅनिकला ते कळावंच लागतंय. लायसनलाबी तेच लागतंय. ही कंपनी म्हणून न्हाई, कुठलीच घेणार न्हाई.”

“असं कसं कळत न्हाई? बावीस वर्षांचा झालास. आजवर कधी...” ती बोलता बोलता थांबली. शेतातून टोमॅटो तोडून आण म्हटलं की हा निम्मे कच्चे घेऊन यायचा. रंगकामात त्याचं झाड नेहमी विटकरी असायचं आणि शाळेतल्या बाई हसायच्या. ती स्वतःही हसली होती.

“इलाज काय म्हणले?”

“इलाज न्हाई त्याला.”

पुढच्या खोलीतून बसवेशचा आवाज आला. फोनवर तो कुणाला तरी हार मोठा आणायला सांगत होता.

“आत्ता बोलू नको,” वर्षाराणी हळूच म्हणाली. “स्वामी येऊन जाऊ दे. पंगत उठू दे. मग सांगू.”

“मी त्या शालीला हात लावणार न्हाई, आई.”

तो एवढं सावकाश म्हणाला, की तिला त्याला समजावण्याचा धीर झाला नाही. तिनं हात धुतले, पदराला पुसले. अपेक्षा मामीबरोबर मठात स्वामींना बोलवायला गेली होती, ते एक बरं होतं. वर्षाराणी पुढच्या खोलीत गेली आणि नवऱ्याला म्हणाली, “जरा इकडं या.”

*

सोमनाथनं ऐकून घेतलं. त्याचं नेकनूरला पाण्याच्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीची तांब्याची तार उकलून नवी भरायची, हे काम तो तीस वर्षं करत होता, आणि बिघाड सापडेपर्यंत बोलायचं नाही ही त्याची सवय होती. त्यानं पोराला पुढच्या खोलीत बोलावलं. तिथं बसवेश होता, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत कपाळाला भस्म लावलेले नागप्पा, सोमनाथचे सासरे. सासूबाई उमाबाई त्यांच्या शेजारी सुपारी कातरत बसल्या होत्या. नागप्पा शहात्तर वर्षांचे होते. लोकांत ते फारसे बोलत नसत. त्यांच्या वाट्याचं उमाबाईच बोलत.

सोमनाथनं विचारलं, “संस्थेत घालताना डॉक्टरचा कागद लागला होता ना? त्यात काय लिहिलेलं होतं?”

“सगळं ठीक हाय म्हणून होतं.”

“रंगाचं?”

“तेबी होतं त्यात. ‘सामान्य’ म्हणून.”

“तुला तपासलं होतं का कुणी?”

अमरनाथ मामाकडं बघायला लागला. सोमनाथचीही नजर तिकडं वळली.

बसवेशनं मोबाईल खिशात ठेवला. “दाजी, त्या वेळेला फॉर्मची शेवटची तारीख होती. हा तुमच्याकडं नेकनूरला, डॉक्टर आपल्या ओळखीचा. मी म्हणलं कशाला पोराला पळवायचं. सही करून दिली त्यानं. सगळेच असं आणतेत.”

“म्हणजे तपासलं न्हाई.”

“धट्टाकट्टा पोरगा. काय तपासायचं होतं?”

“त्याच दिवशी कळलं असतं!” सोमनाथचा आवाज पहिल्यांदा चढला. “चार वर्षं, बसवेश. दोन वर्षं वर्गात, दोन वर्षं हँगरमध्ये विमानाखाली. अकरा पेपर दिले पोरानं, एकेक पेपर दोनदा-दोनदा. मी म्हणत होतो बीडला डिप्लोमा कर, मोटारीचं काम तुझ्या हातात हाय. तू आलास विमानाचं माहितीपत्रक घेऊन. बारावीला गणित हाय, फिजिक्स हाय, दाजी, पोराला हैदराबादला घाला.”

“मग वाईट सांगितलं का मी?”

“तुला जे करता आलं न्हाई ते माझ्या पोराकडून करून घ्यायचं होतं तुला.”

हे बसवेशला लागलं. विसाव्या वर्षी त्याचं आयटीआयच्या फिटर ट्रेडच्या यादीत नाव आलं होतं, आणि वडलांनी, अप्पांनी, त्याला दुकानात बसवलं होतं. कारण कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात आई होती, अप्पा होते, तरी तिसरा माणूस कशाला लागतो, हे त्याला कधी कळलं नव्हतं. सोलापूरला खरेदीला जायचं म्हटलं तरी आई बरोबर जायची. अप्पा एक साडीसुद्धा आपल्या मनानं निवडत नसत. बायकोच्या ताटाखालचं मांजर, असं बाजारात लोक म्हणायचे, आणि तरुणपणी बसवेशलाही तसंच वाटायचं.

“बरं, झालं ते झालं,” तो म्हणाला. “फोन करून सांगतो सगळ्यांना, पोराला ताप हाय म्हणून. कार्यक्रम पुढं ढकलू. पण दाजी, एवढ्यानं काय संपत न्हाई. कंपन्या काय एकच हाय का? त्या पुस्तकाची पानं ठरलेली असतेत. किती असतेत रे अमर?”

“अडतीस.”

“अडतीस! अकरा पेपर पाठ केले त्यानं, अडतीस आकडे पाठ व्हायला काय लागतंय? पहिल्या पानावर अमका, दुसऱ्या पानावर तमका. महिन्याभरात तयार होईल.”

राग सोमनाथच्या चेहऱ्यावरून उतरत गेला आणि तिथं हिशेबी विचार आला. वर्षाराणीला ते दिसलं. दोन मिनिटांपूर्वी हे दोघं एकमेकांच्या अंगावर धावले होते.

“पुस्तक मिळतंय का विकत?” सोमनाथनं विचारलं.

“मोबाईलवर मिळतंय,” बसवेश म्हणाला.

“मग एवढं करायला हरकत न्हाई. कामात तर हुशार हाय पोरगा. हात चांगला हाय त्याचा. नुसतं त्या ठिपक्यासाठी...”

“हो ना,” वर्षाराणी पुढं झाली. “अमर, मामा म्हणतो ते कर की. मी रोज फोनवर घेईन तुझ्याकडून पाठ करून.”

तिघं एका बाजूला झाले होते. अमरनाथनं एकदा तिघांकडं बघितलं.

“केलती,” तो म्हणाला.

“काय केलती?”

“पाठ केलती. अडतीसच्या अडतीस. दोन वर्षांपासून येतेत मला. पण त्या डॉक्टरीणबाईनं पुस्तक मधूनच उघडलं. एक पान उलटं धरलं, तरी मी पाठ केलेलाच आकडा सांगितला. मग चिडून म्हणाल्या, दिव्याच्या तपासणीला चल. अंधारात बारीक दिवे लावतेत, ते लाल का हिरवे ते सांगायचं. तिथं मी सगळे चुकलो.”

उमाबाईंचा अडकित्ता थांबला होता.

“दोन वर्षांपासून,” सोमनाथ म्हणाला. “म्हणजे तुला मालूम होतं.”

“होतं.”

“आन बोलला न्हाईस?”

“काय बोलू?” अमरनाथचा आवाज फाटला. “हँगरमध्ये गेलो त्या पहिल्या महिन्यात कळलं मला. स्टोअरमध्ये पार्टला चिठ्ठी बांधलेली असती. हिरवी म्हणजे चांगला पार्ट, लाल म्हणजे खराब. ब्रेकच्या तेलाचा पंप आणायला पाठवलं मला अंगद सरांनी, आमाला काम शिकवायचे ते. दोन पंप होते, सारखेच. चिठ्ठीवरचं लिहिलेलं तेलानं पुसलेलं. मी एक उचलला आन विमानापर्यंत घेऊन गेलो. माझ्या बरोबरच्या रामप्रसादनं माझा हात धरला, म्हणाला, लाल चिठ्ठीचा कावून आणलास बे? मी म्हणलं, ही लाल हाय का? तो माझ्याकडं बघतच राहिला.”

त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

“तवापासून रामप्रसादच सांगायचा मला. चिठ्ठी लाल का हिरवी. खाली गळलेलं तेल लालसर हाय का पिवळसर. मी जोडणी करायचो, तो रंग सांगायचा. दोन वर्षं असंच काढली आमी. मग तो दुसऱ्या कंपनीत लागला.”

“लहानपणी कळायचं की तुला,” सोमनाथ म्हणाला. तो आता हट्टानं बोलत होता. “माझ्या दुकानात मोटारीच्या वायरी जोडायचास.”

“जागा बघून जोडायचो. नऊ वर्षांचा असताना अर्थिंगची हिरवी वायर लालच्या जागी लावली म्हणून तुमी मला मारलतं. लक्ष कुठं हाय म्हणून. तवापासून मी जागा पाठ करायचो.”

सोमनाथला ती थप्पड आठवली. गिऱ्हाईकासमोर दिलेली. मोटार सुरू केली असती तर एखाद्याचा जीव गेला असता, म्हणून मारलं होतं त्यानं. पोरगा रडला नव्हता. गाल धरून त्या दोन वायरींकडं कितीतरी वेळ बघत राहिला होता. आठवलं तसं सोमनाथला ते सहन झालं नाही, आणि तो दुसऱ्यावरच घसरला.

“आमच्या घराण्यात कुणाला असलं न्हाई. माझ्या बापाला न्हाई, चुलत्याला न्हाई. कुठून आलं हे?”

अमरनाथनं एकदा आईकडं बघितलं.

“डॉक्टर काय म्हणले, कशानं होतंय हे?”

“जाऊ द्या ना, बाबा.”

“बोल.”

“आईकडून येतंय म्हणल्या.” तो खाली बघत होता. “आईला सगळं बरोबर दिसतंय. पण तिच्या वडलांना असलं तर तिच्यातून पोराला येतंय. त्यांनी विचारलं मला, आईच्या वडलांना हाय का म्हणून. मी न्हाई म्हणलं.”

“आता माझ्या माहेरावर आलं का?” वर्षाराणी कळवळून म्हणाली. “आमच्या अप्पांनी जन्मभर कापड विकलं. रंगातच जन्म गेला त्यांचा. त्यांना कसं...”

“वर्षा,” उमाबाई म्हणाल्या. “तू आत जा. पुरण बघ.”

“पुरण झालंय, आई.”

“मग भात टाक.”

वर्षाराणीनं आईकडं बघितलं. आईच्या आवाजात असलं काही तिनं कधी ऐकलं नव्हतं.

खुर्चीतून नागप्पा म्हणाले, “राहू दे तिला. बसू दे इथंच.”

*

नागप्पांना चार माणसांत बोलायची सवय नव्हती. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“मला कळत न्हाई रंग,” ते म्हणाले. “लाल, हिरवा, किरमिजी, तपकिरी. एकच दिसतेत.”

“अहो,” उमाबाई म्हणाल्या.

“बोलू दे मला. पन्नास वर्षं तूच बोललीस.”

बसवेश भिंतीला टेकला. त्याच्या मनात एकदम ठाणांच्या काठांवरचे दोऱ्याचे टाके आले. आई प्रत्येक नव्या ठाणाच्या कोपऱ्याला टाके घालायची. एक, दोन, तीन. मालाची खूण म्हणून. अप्पा गिऱ्हाईकासमोर ठाण उलगडताना आधी कोपऱ्यावरून अंगठा फिरवायचे. बसवेशला वाटायचं, कापडाचा पोत बघतेत.

“एक टाका लाल, दोन टाके हिरवा,” नागप्पा जणू त्यालाच सांगत होते. “ही तिची युगत. लग्नानंतर सहा महिन्यांतच तिला कळलं. मी म्हणलं, मला सोडून जातीस का? ती सुई-दोरा घेऊन दुकानात येऊन बसली.”

“म्हणून मला आयटीआयला जाऊ दिलं न्हाई तुमी,” बसवेश म्हणाला. “आईला गुडघ्यानं बसवेनासं होत चाललं होतं तवा.”

नागप्पांनी मान हलवली.

पंचवीस वर्षं बसवेश बापाला मनातल्या मनात हिणवत आला होता.

“तुमी फसवलं आमाला,” सोमनाथ म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. “पोरगी दिली तवा हे सांगायचं होतं.”

“काय सांगायचं होतं, जावईबापू?” उमाबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. “कापडवाल्याला रंग दिसत न्हाई म्हणून? बाजारात दुसऱ्या दिवशी आमचं दुकान बंद झालं असतं. आन मला काय मालूम हे लेकीतून नातवात जातंय? मला वाटलं, यांच्यापाशीच संपेल.”

“मला तरी सांगायचंस,” वर्षाराणी म्हणाली. “एकटीला. मी पोराला आधीच दाखवलं असतं कुणाला. त्या वाटेला जाऊच दिलं नसतं त्याला. त्याच्या कच्च्या टोमॅटोला मी हसत होते, आई. तू शेजारीच बसलेली असायचीस. तूबी हसायचीस.”

उमाबाईंनी तोंडाला पदर लावला.

“हसायची,” त्या म्हणाल्या. “भ्या वाटायचं म्हणून हसायची.”

बसवेश अजून हार मानायला तयार नव्हता. “पण अप्पांनी काढली ना पन्नास वर्षं? कुणाला पत्ता लागला? मग याचंबी असंच काहीतरी बसवता येईल. एखादा जोडीदार बघायचा...”

“न्हाई,” नागप्पा म्हणाले.

“कावून न्हाई?”

“वर्षाच्या वेळेला तुझी आई माहेरी गेलती बाळंतपणाला. तीन महिने मी एकटा दुकानात होतो. शिरूर कासारचे लोक आले, लेकीच्या लग्नाला हिरवा शालू पाहिजे म्हणून. मी अंगठा फिरवला, टाके मोजले. तपकिरीला तीन टाके असायचे, त्यातला एक निसटलेला होता, मला कळलं न्हाई. तपकिरी शालू बांधून दिला. त्यांनी मांडवात उघडला. तो बाप दुसऱ्या दिवशी आला आन भर बाजारात माझ्या तोंडावर फेकला शालू.” ते दम घ्यायला थांबले. “मी बदलून दिला. दोन दिल्या साड्या. कापड बदलून देता येतंय, बसवेश. हा पोरगा चुकला तर विमानातली माणसं कुठून बदलून देणार हाय?”

बसवेश बाहेर गेला. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, मग दोरी कापल्याचा. पानवाल्यानं काय झालं म्हणून विचारलं, त्यावर बसवेश काय म्हणाला ते आत ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं तो फ्लेक्सची गुंडाळी काखेत घेऊन मागच्या दारानं आला आणि ती न्हाणीघराच्या मागं ठेवून तिथंच बराच वेळ उभा राहिला.

सोमनाथ बायकोला म्हणाला, “सामान भर. निघू.”

“जेवून तरी...”

“निघू म्हणलं ना. आन एक ऐका सगळे. हे या भिंतीच्या बाहेर जायचं न्हाई. पंधरा दिवसांनी लातूरचे लोक यायलेत अपेक्षाला बघायला. तिच्या कानावरबी घालू नका. पोरीला काय झालेलं न्हाई, तिला सगळं दिसतंय. लोकांनी विचारलं तर अमरनं नोकरी सोडली म्हणायचं.”

वर्षाराणी नवऱ्याकडं बघत राहिली. आत्ता, याच खोलीत, अर्ध्या तासापूर्वी तो म्हणाला होता, हे सांगायचं होतं.

*

अमरनाथ गेला नाही. “मी राहतो दोन दिवस इथं,” एवढंच तो आईला म्हणाला. बापाला त्यानं काही सांगितलं नाही आणि बापानं विचारलं नाही.

दुकान रविवारी बंद असे. नागप्पांनी चावी मागून घेतली आणि नातवाला घेऊन आत जाऊन बसले. अर्धं शटर वर केलेलं होतं. कपाटांत ठाणं एकावर एक रचलेली होती.

“हे तुला कसं दिसतंय?” नागप्पांनी एका ठाणाकडं बोट दाखवलं.

“मातकट.”

“आन हे?”

“हेबी मातकटच. जरा काळपट.”

नागप्पांनी दोन्ही ठाणांचे कोपरे चाचपले. “हे हिरवं हाय. आन हे लाल.” मग ते म्हणाले, “मलाबी असंच दिसतंय. जरा काळपट. मी कुणाला विचारलंच न्हाई कधी.”

अमरनाथला रडू येत होतं, पण या म्हाताऱ्यासमोर त्याला लाज वाटत नव्हती.

“आजोबा, मला इंजिनाचा आवाज ऐकून कळायचं कुठं काय बिघडलंय ते. सर म्हणायचे, हे शिकवून येत न्हाई.”

“आता काय करणार?”

“अंगद सरांचा फोन आलता. त्यांना मेडिकलचं कळलं. म्हणले, आपल्याच हँगरच्या रेकॉर्डमध्ये जागा हाय. विमानावर जे काम होतंय, त्याच्या प्रत्येकाचा कागद होतो. पार्ट कधी बदलला, कोणी बदलला, परत कधी बदलायचा. ते कागद तपासून लावायचे. तिथं रंग लागत न्हाई. कंत्राटावर हाय.”

“विमान दिसतंय का तिथून?”

“न्हाई. मागच्या बिल्डिंगमध्ये हाय ते.”

नागप्पांनी मान डोलवली. चांगलं आहे असं ते म्हणाले नाहीत. अमरनाथनं फोन काढला आणि अंगद सरांना लावला. त्यानं सांगितलं की येतो, मंगळवारी रुजू होतो. पलीकडून सर काहीतरी समजुतीचं बोलायला लागले, तेव्हा तो मध्येच म्हणाला, “सर, पंपाची गोष्ट मी तुमाला सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वीची. आल्यावर सांगतो.” आणि त्यानं फोन ठेवला.

*

अपेक्षा मठातून आली तोवर आईबापांच्या पिशव्या दारात होत्या. स्वामींना येऊ नका म्हणून निरोप गेला होता. “काय झालं?” तिनं आई, बाबा, मामा तिघांना विचारलं, आणि तिघांनी तिला अमरला बरं वाटत नाही म्हणून सांगितलं.

उमाबाई हळदी-कुंकवाची कोयरी घेऊन उंबऱ्यात आल्या. वर्षाराणीनं कपाळ पुढं केलं. कुंकू लावताना म्हातारीचं बोट घसरलं आणि थोडं कुंकू वर्षाराणीच्या नाकावर सांडलं. एरवी ती वाकून आईच्या पाया पडली असती. आज ती वळली आणि पिशवी उचलून चालू लागली. उमाबाई कोपऱ्यापर्यंत मागं आल्या आणि तिथं थांबल्या.

नेकनूरची जीप भरायला अर्धा तास लागला. सोमनाथ पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. मागं समोरासमोरच्या बाकांवर दहा माणसं कोंबलेली. त्यांच्याच गल्लीतला किराणावाला होता, सोसायटीचा सेक्रेटरी होता, दोन बायका तर रोज पाण्याला भेटणाऱ्या. जीप सुटली. ऊन डोक्यावर आलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापसाच्या वाळलेल्या पळाट्या उभ्या होत्या.

“पोरगा न्हाई आला का बरोबर?” किराणावाल्यानं विचारलं. “सत्कार होता म्हणं आज.”

पुढून सोमनाथ मान न वळवता म्हणाला, “ताप आलाय त्याला.”

“नोकरीवर कधी जायचंय?”

“बघू. ती कंपनी त्याला पसंत न्हाई.”

वर्षाराणीनं नवऱ्याच्या मानेकडं बघितलं. केस कापलेल्या जागी घामाची रेघ होती. बावीस वर्षांच्या पोरानं दोन वर्षं एकट्यानं जे पोटात ठेवलं, ते त्याला कुणी शिकवलं, हे तिला आता कळत होतं. तिच्या आईनं शिकवलं होतं, तिनं स्वतः सकाळी चुलीपाशी शिकवलं होतं, पंगत उठू दे म्हणून.

तिनं लेकीचा हात हातात घेतला.

“अपेक्षा,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “अमरला ताप न्हाई. त्याला लाल-हिरवं कळत न्हाई, म्हणून त्याला घेतलं न्हाई.”

किराणावाल्यानं मान वर केली.

“गप बस,” पुढून सोमनाथ म्हणाला.

“तुझ्या आजोबालाबी कळत न्हाई. जन्मापासून. ते माझ्यातून त्याच्याकडं आलंय. तुझ्यातबी आलं असेल, नसेल. तुला स्वतःला काय होणार न्हाई. पण उद्या तुला पोरगा झाला, तर तो लहान असतानाच तपासून घे. तो कच्चे टोमॅटो घेऊन आला तर त्याला हसू नको.”

अपेक्षाला काही समजत नव्हतं. ती आईच्या नाकावरच्या कुंकवाकडं बघत होती.

“आई, लातूरचे लोक...”

“त्यांनाबी मीच सांगणार हाय.”

किराणावाला बाहेर बघायला लागला. पाण्याला भेटणारी बाई पदर सारखा करून खाली बघत होती. ड्रायव्हरनं गाण्याचा आवाज वाढवला, मग स्वतःच कमी केला. सोमनाथ मागं वळला नाही. नेकनूरच्या फाट्यावर जीप थांबली तशी तो उतरला आणि दोघींसाठी न थांबता घराच्या दिशेनं एकटाच चालायला लागला. पिशव्या जीपच्या टपावरच होत्या. वर्षाराणी वर चढली आणि एकेक पिशवी खाली लेकीच्या हातात देऊ लागली.